रानातली सायकल आणि प्रमादचर्या



माझी लेक आणि तिची मैत्रीण रानातून पन्नास किलोमीटर सायकल चालवून आल्या. तो फोटो मी आपल्या स्वाध्यायाच्या ग्रुपवर टाकला, तर एका ताईंनी खाली एकच शब्द लिहिला, 'प्रमादचर्या'. शब्द वजनदार आहे. तो इतक्या पटकन वापरावा का, याबद्दल आज लिहिते. कारण आपल्या कितीतरी मुली-सुना आता परदेशात आहेत, सुटीला रानावनात जातात, आणि असले शब्द ऐकावे लागतात म्हणून घरी सांगतच नाहीत.

रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला हा एक. जमीन उकरणं, पाणी उडवणं, झाडं तोडणं, उगाच हिंडणं, एवढंच काय, दुसऱ्याला हिंडवणंसुद्धा. (म्हणजे पहाटे उठून डबा भरून देणारी मीही त्यात आले.) पण आचार्यांनी या सगळ्याला एक विशेषण लावलंय, निष्फळ. तिथंच तर व्रताची मेख आहे. अर्थ म्हणजे प्रयोजन. मी कॉमर्सची, मला हे व्हाऊचरसारखं वाटतं. खर्च झाला याला हरकत नसते, कशासाठी झाला ते लिहिलेलं नसेल तर असते. माझ्या लेकीचा आठवडा नोकरी, दोन मुलं आणि स्वयंपाक यांत जातो. महिन्यातून एक दिवस पाय, फुप्फुसं आणि डोकं मोकळं करणं याला मी निष्फळ म्हणणार नाही. आपण भिशीत तीन तास बसून जे करतो, त्याचं व्हाऊचर कुणी मागत नाही.

आता त्या रानाबद्दल. लेक पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थला असते. शहराच्या पूर्वेला डोंगरात मुंडारिंग नावाचं गाव आहे, तिथून मुंडा बिड्डी ही सायकलची वाट निघते आणि दक्षिणेला ऑल्बनीपर्यंत सुमारे १००० किलोमीटर जाते. तिथल्या मूळच्या नूंगार लोकांच्या भाषेत मुंडा बिड्डी म्हणजे रानातली वाट. जमीन कोकणातल्या जांभ्यासारखी लाल. वाटेवर वाटाण्याएवढे गोल खडे, त्यावरून चाक घसरतं. दोन्ही बाजूंना जारा नावाची उंच झाडं आणि खाली बँक्सियाची झुडपं. त्या दोघी पहिला तुकडा करून परत आल्या.

निघताना मी गाडीपाशी उभी होते. लेकीच्या मैत्रिणीनं कडक ब्रश काढला आणि दोन्ही सायकलींची चाकं, पॅडल, बुटांचे तळवे खरवडून साफ केले. ती जैन नाही, तिला ईर्यासमिती हा शब्दही माहीत नाही. मी विचारलं, तर म्हणाली, डायबॅक. फायटोफ्थोरा म्हणून मातीतला एक सूक्ष्म जीव आहे, तो झाडांची मुळं कुजवतो. ओल्या मातीच्या चिमटीतून तो एका रानातून दुसऱ्या रानात जातो, आणि एकदा शिरला की त्या जमिनीतून काढता येत नाही. तिथल्या देशी झाडांच्या जातींपैकी सुमारे ४० टक्के त्याला बळी पडू शकतात. बँक्सिया तर उभीच्या उभी वाळते. म्हणून रानात शिरताना आणि निघताना माती झाडायची. चिखल लागला असेल तर वर स्पिरिटही फवारतात.

स्पिरिट म्हटल्यावर मी थबकले. त्या फवाऱ्यानं तो जीवही मरतो, हे उघड आहे. माझं मत असं झालं की स्पिरिट लागेल अशा वेळी जायचंच नाही. कोरडी माती, कोरडा ब्रश. लेकीनं हे मान्य केलंय, पाऊस पडून गेला की त्या जात नाहीत. मुनी महाराज चातुर्मासात विहार थांबवतात तो पंचांगासाठी नाही, ओल्या जमिनीत जीव वाढतात म्हणून. पर्थचा पाऊस मे ते ऑगस्ट असतो. तेव्हा सायकलपुरता तिथला चातुर्मास मे महिन्यातच बसवावा, असं मला वाटतं.

डब्याचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही विचारणारच. दुकानातल्या ताकदीच्या वड्यांत बहुतेक वेळा मध असतो, चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन. दोन्ही वर्ज्य, पाकीट उलटं करून वाचायचं. मी दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी आणि खजुराचे लाडू दिले. पाणी गाळून उकळलेलं. नुसतं गाळलेलं अठ्ठेचाळीस मिनिटंच चालतं, उकळलेलं चोवीस तास, म्हणून दिवसभराची काळजी मिटते. आणि सूर्यास्ताच्या आत घरी. हे आपलं व्रत, पण तिथले लोकही तेच सांगतात, तिन्हीसांजेला कांगारू वाटेवर येतात आणि सायकलवर आदळतात.

तरीही त्या ताईंच्या शब्दात एक काटा आहे, तो मी नाकारत नाही. ईर्यासमिती म्हणजे उजेडात, मळलेल्या वाटेनं, पुढची चार हात जमीन बघत चालणं. उजेड झाला, मळलेली वाट झाली, पण चार हातांचं काय? ताशी पंधरा किलोमीटरनं सायकल सेकंदाला चार मीटर जाते. चार हात म्हणजे जेमतेम सहा फूट, ते अर्ध्या सेकंदात संपतात. मुंगी दिसायच्या आत चाकाखाली. वसंतात तर बॉबटेल नावाचे आखूड शेपटीचे जाडजूड सरडे ऊन खायला वाटेवरच पसरतात आणि हलता हलत नाहीत. ही समिती मुनींची आहे, श्रावकाला अणुव्रतं आहेत, हे खरं. पण म्हणून वेग हवा तेवढा, असं होत नाही. सपाट वाटेवर हळू चालवणं, सरडा दिसला की उतरून बाजूनं जाणं, हे शक्य आहे आणि त्या दोघी करतात.

कालामुंडाला मात्र खास उतारांचे, वळणांचे, उड्या मारायचे ट्रॅक आहेत. तिथं प्रयोजन म्हणजे वेगाची मजा, आणि उडी मारताना खाली काय आहे ते बघायला वेळच नसतो. त्याला मी प्रमादचर्याच म्हणेन. लेक म्हणते, आई, सहा मिनिटांचा तर उतार असतो. यावर आमचं अजून पटलेलं नाही.