शंभर टक्के म्हणजे नेमकं किती?

लॅपटॉपवर शंभर टक्के दिसले की आपण निर्धास्त होतो. मग लाइट जातात. लेकीची ऑनलाइन मुलाखत चाललेली असते आणि तासाभरात लॅपटॉप बंद पडतो. यात तिची चूक नसते आणि तो आकडाही खोटा नसतो. तो काय सांगतो, ते समजून घ्यायला हवं.

गच्चीवरची टाकी आठवा. तळाशी गाळ साचला तरी टाकी काठोकाठ भरते, पाणी मात्र कमी मावतं. बॅटरीचंही तसंच. आज जेवढं मावतं त्यातलं किती भरलंय, एवढंच टक्के सांगतात. नवी असताना किती मावत होतं, ते सांगत नाहीत. टाकीतला गाळ उपसता तरी येतो. बॅटरीची गेलेली ताकद परत येत नाही.

म्हणून आधी मोजून घ्या. विंडोजच्या लॅपटॉपवर स्टार्टमध्ये सीएमडी शोधा आणि उघडा. काळ्या चौकटीत ‘पॉवरसीएफजी’ ही अक्षरं इंग्रजीत टाइप करा. एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहा. एंटर दाबलं की अहवाल कुठे ठेवलाय ते तिथेच दिसेल. जमलं नाही तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा, दोन मिनिटांचं काम आहे.

त्यात दोन आकडे बघा. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची ताकद. ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. समजा पहिला ५०,००० आणि दुसरा ३५,००० आहे. म्हणजे सत्तर टक्केच उरली. पूर्वी पाच तास चालायचा तो लॅपटॉप त्याच कामाला आता साडेतीन तास चालेल. मॅकवाल्यांना हे सेटिंगमध्ये ‘बॅटरी हेल्थ’खाली दिसतं.

बॅटरी वयानं उतरतेच. पण उष्णतेनं लवकर उतरते. लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवू नका, हवा कोंडते. मे महिन्यात बंद गाडीत तर मुळीच नको.

लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असतो का? मग सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे का बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर असते. सतत शंभरवर ठेवलेली बॅटरी लवकर थकते. ‘पूर्ण उतरवूनच चार्ज करा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा होता. आताच्या लिथियम बॅटरीला रोज शून्यावर नेणं सोसत नाही.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. टचपॅड वर उचललेला वाटतोय? लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय? झाकण नीट बसत नाही? बॅटरी फुगली असेल. लगेच चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा. दाबून बसवायला किंवा टोचायला जाऊ नका, ती पेट घेऊ शकते. जाणकाराकडून बदलून घ्या. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

आणि मुलांसाठी जुना लॅपटॉप घेत असाल, तर पैसे देण्याआधी हाच अहवाल समोर काढायला सांगा. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर नव्या बॅटरीचा खर्च वजा करूनच भाव ठरवा.