जोडारी कीं निर्माते?

विमानें परदेशांतून विकत घ्यावीं, तीं स्वस्त पडतात, असा हिशेब आपल्याकडील कांहीं शहाणे लोक मोठ्या ठामपणें मांडीत असतात. त्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, पुढें तीस वर्षें त्याच विमानांना लागणाऱ्या सुट्या भागांचा व दुरुस्तीचा खर्च त्यांनीं कोणत्या वहींत मांडला आहे?

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर सरकारच्या साहाय्यानें १९४० सालीं बंगळूरास विमानांचा कारखाना काढला. तेथेंच घडलेलें ‘मरुत’ हें लढाऊ विमान १९६१ सालीं आकाशांत झेपावलें. त्याचा आराखडा जर्मन तज्ज्ञ कुर्त टांक आणि आपले अभियंते यांचा. विमान उत्तम होतें. उणें होतें तें इंजिन. जें योजिलें होतें, त्याचें काम ब्रिटिशांनीं अर्ध्यावर सोडलें, आणि तें पुरें करून घेण्यास लागणारा पैसा देण्याचें आपल्या सरकारनें नाकारलें. मग दुबळ्या इंजिनावर भागविलें, अवघीं १४७ विमानें झालीं, आणि आराखडे करणारे हात रिकामे पडले. चार पैसे वांचले खरे. पण स्वदेशी आराखड्याचें पुढचें लढाऊ विमान, तेजस, उडावयास २००१ साल उजाडलें!

मधल्या काळांत नाशिकजवळ ओझर येथें परकी परवान्यावर मिग आणि मागाहून सुखोई विमानें शेंकड्यांनीं तयार झालीं. तेथील कारागिरांच्या कौशल्याविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु जोडारी कितीही निष्णात असो, दुसऱ्याच्या नकाशावर काम करतो तोंवर त्याच्या पदरीं मजुरीच पडणार. नफा नकाशाच्या धन्याचा.

तेजसचीही गत निराळी नाहीं. त्यासाठीं २०२१ सालीं एका अमेरिकन कंपनीकडे ९९ इंजिनें मागविलीं. त्यांतलें पहिलें हातीं पडलें २०२५ च्या मार्चांत. आपलें ‘कावेरी’ इंजिन हवी तितकी शक्ति देईना, म्हणून २००८ सालीं तें तेजसपासून वेगळें केलें गेलें, आणि टीकाकारांना आयतेंच कोलीत मिळालें. पण ज्या वायूच्या झोतांत इंजिनाचें पातें फिरतें, त्याची उष्णता त्या पात्याचा धातू वितळविण्याइतकी, किंबहुना अधिक असते. तें पातें ओतण्याची विद्या कोणताही देश सुखासुखीं विकीत नाहीं. ती साधली तर वीजघरांतील व जहाजांवरील यंत्रेंही तिच्यावर चालतात. अशा विद्येसाठीं भट्टींत वायां गेलेला धातू हा खर्च नव्हे, भांडवल होय.

बाजारपेठ नाहीं, ही सबब तर आतां उरलीच नाहीं. २०२३ या एका वर्षांत आपल्या दोन विमानकंपन्यांनीं मिळून ९७० प्रवासी विमानें परदेशांत मागविलीं.