टाळी जनतेची, पावती जाणत्यांची

इटलीतील तुरीन येथे जुलै २०२५ मध्ये जादूगारांची जागतिक स्पर्धा पार पडली. १९४८ साली स्थापन झालेला जादूगार मंडळांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ही स्पर्धा दर तीन वर्षांनी भरवतो. वयाच्या सातव्या वर्षापासून रंगमंचावर वावरणाऱ्या सुहानी शाह यांना तेथे ऑनलाइन जादूच्या विभागात सर्वोत्कृष्ट ठरवण्यात आले. आपल्या वृत्तपत्रांनी चौकटीत बातमी दिली, दूरचित्रवाहिन्यांनी दोन दिवस कौतुक केले आणि विषय संपला. वास्तविक तो तेथून सुरू व्हायला हवा होता. कारण हा गौरव प्रेक्षकांच्या मतांनी नव्हे, तर त्याच विद्येतील जाणकारांच्या निवाड्याने मिळालेला आहे.

इतर कलांत रसिकाची दाद आणि गुणिजनांची दाद यांत अंतर असले, तरी दोघे एकच गोष्ट ऐकत वा पाहत असतात. जादूची तऱ्हा निराळी. येथे प्रेक्षक टाळी वाजवतो ती न कळलेल्या गोष्टीला, आणि जाणकार मान डोलावतो ती न दिसलेल्या गोष्टीला. तळहातात दडवलेले नाणे ज्याला दिसलेच नाही, तो त्या हाताची वर्षानुवर्षांची मेहनत कशी ओळखणार? जादूगाराचे उत्तम काम जनतेपासून कायमचे लपलेले असते. म्हणूनच या विद्येत समव्यावसायिकांच्या पावतीला एवढे मोल आहे, आणि म्हणूनच ती देताना होणारा पक्षपातही अधिक बोचतो.

प्रतुलचंद्र सरकार यांचेच उदाहरण घ्या. दिनांक ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ या कार्यक्रमात त्यांनी आपल्या तरुण साहाय्यिकेला यांत्रिक करवतीने मधोमध कापण्याचा प्रयोग केला. करवत थांबली, मुलीला हाका मारल्या गेल्या, ती उठेना. तोच निवेदक रिचर्ड डिम्बलबी पुढे आले आणि कार्यक्रम संपला. मुलगी खरोखरच मेली, या समजुतीने घाबरलेल्या प्रेक्षकांनी दूरध्वनी करून बीबीसीला भंडावून सोडले. सरकारांचा लंडनमधील मुक्काम त्यानंतर गाजला हे सांगायला नको. सामान्य प्रेक्षकाने त्या रात्री करवत पाहिली. ज्याला रंगमंच कळतो, तो मात्र घड्याळ पाहील. प्रक्षेपणाचा शेवटचा क्षण आणि प्रयोगाचा सर्वांत भयंकर क्षण एकत्र आणणे, हीच त्यातली खरी जादू होती.

तरीही पाश्चात्त्य जादूगारांतील काहींनी सरकारांना सुखासुखी आपले म्हटले नाही. १९५५ मध्ये जर्मनीच्या ‘कालानाग’ नामक जादूगाराने त्यांच्यावर प्रयोग चोरल्याचा आरोप केला होता. ज्याने स्वतःचे रंगमंचीय नावच आपल्या भाषेतून उचलले, त्याने भारतीयावर उचलेगिरीचा आळ घ्यावा, हा विनोदच म्हणायचा! त्या काळी युरोप-अमेरिकेतील कित्येक कलावंत फेटा बांधून ‘हिंदू फकीर’ म्हणून पोट भरत होते. तेव्हा कोणालाही चोरीची आठवण झाली नाही. स्वतःला जगातील सर्वश्रेष्ठ जादूगार म्हणवून घेण्याची सरकारांची हौस काहींना खटकली असेल, हेही मान्य करू. पण जाहिरातीत विनय पाळणारा जादूगार कोणत्या देशाने पाहिला आहे? १९६४ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९७१ च्या जानेवारीत जपानमध्ये, प्रयोगांच्या दौऱ्यावर असतानाच त्यांचे निधन झाले.

दोरीच्या जादूची कथाही अशीच. १८९० मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्राने या प्रयोगाचे कपोलकल्पित वर्णन छापले, पुढे ते बनावट असल्याचे कबूल केले, पण तोवर ते जगभर पसरले होते. १९३४ साली लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’ने हा प्रयोग करून दाखवणाऱ्यास पाचशे गिनींचे बक्षीस लावले. यावरून दोरीची जादू ही निव्वळ पाश्चात्त्य थाप होती, असे म्हणणारे विद्वान आपल्याकडेही आहेत. त्यांनी आद्य शंकराचार्यांचे ब्रह्मसूत्रभाष्य उघडून पाहावे. ढाल-तलवार घेऊन सूत्रावरून आकाशात चढणारा मायावी आणि प्रत्यक्षात भूमीवरच उभा असलेला मायावी, हा दृष्टान्त आचार्यांनी तेथे दिला आहे. प्रयोग कसा होत असे हा प्रश्न वेगळा. परंतु श्रोत्यांना परिचित नसलेला दृष्टान्त कोणी भाष्यात देत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर चाकणजवळच्या आंबेठाणचे रघुवीर भोपळे यांनी ‘जादूगार रघुवीर’ या नावाने मराठी जादू देशोदेशी नेली, ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले. १९८४ मध्ये ते गेले. पुढच्या पिढ्यांनी ही कला घरात टिकवली. मराठी रंगभूमीचा गौरव गाताना त्यांचे नाव किती जणांच्या ओठी येते?

पण रघुवीरांना निदान नाट्यगृह होते, तिकिटे होती, पडदा होता. रस्त्यावर पोतडी सोडून बसणाऱ्याला यांतले काहीच नसते. तो जमिनीवर उकिडवा बसतो, प्रेक्षक चारही बाजूंनी, पाठीमागेसुद्धा. हाताशी टेबल नाही, प्रकाशयोजना नाही. बुडाला छोटी मूठ असलेल्या तीन वाट्या आणि कापडाच्या गोळ्या, एवढ्या भांडवलावर तो भर उन्हात नजरबंदी करतो. तंत्राच्या कसोटीवर हा प्रयोग रंगमंचावरील पेटीच्या प्रयोगापेक्षा अवघड आहे. तरी आपले नाट्यगृहातले जादूगार त्याला ‘मदारी’ म्हणून बाजूला सारतात. १९९५ साली दिल्लीत उघड्यावर दोरीचा प्रयोग करून दाखवणारे इशामुद्दीन खान हे अशाच रस्त्यावरच्या परंपरेतले. त्या परंपरेची दिल्लीतील मोठी वस्ती, कठपुतली कॉलनी, २०१७ मध्ये जमीनदोस्त झाली.

आणि कायदा? १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमाने भीक मागण्याची जी व्याख्या केली, तिच्यात सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करणे या निमित्ताने पैसे घेणेही येते. पहिल्याच अपराधाला किमान एक वर्ष डांबण्याची तरतूद आहे. दिल्लीपुरत्या यातील प्रमुख तरतुदी तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये रद्द केल्या. महाराष्ट्रात, म्हणजे जेथे तो जन्मला तेथे, हा कायदा आजही उभा आहे. पुण्याच्या नाट्यगृहात रुमालातून कबुतर काढणारा कलावंत, आणि बाहेरच्या पदपथावर तेच कसब दाखवणारा भिकारी! या विसंगतीचे समर्थन कोणत्या तत्त्वाने करायचे?

भीक मागण्याच्या टोळ्यांना आळा घालावा, मुलांना राबवणाऱ्यांना शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. त्यासाठी कलेला गुन्हा ठरवण्याची गरज नाही. ही मागणी सर्वप्रथम जादूगारांच्या संघटनांनीच करायला हवी, कारण पदपथावरच्या त्या हातांची योग्यता त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला कळत नाही. आपल्या संमेलनांत त्यांनी या मंडळींना मानधन देऊन बोलवावे, व्यासपीठावर बसवावे. आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एखाद्या आमदाराने अशासकीय विधेयक मांडावे. व्याख्येतून गाणे, नाचणे व खेळ करणे हे शब्द वगळायचे आहेत, दुरुस्ती एका ओळीची आहे.