मोठा मायनस नंबर आणि मोतीबिंदू

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया किती झाल्या, याची मोजदाद १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून होत आली आहे. ऑपरेशननंतर रुग्णाला दिसते किती, हा प्रश्न मात्र मागे पडत गेला. २०२१मध्ये जागतिक आरोग्य सभेने २०३०पर्यंतचे उद्दिष्ट मान्य केले, त्यात नुसती संख्या चालत नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्याची नजर ६/१२ किंवा त्याहून चांगली असेल, तरच ते परिणामकारक धरले जाते. निकष योग्यच आहे. पण तो लावला की उणे सहा किंवा त्याहून मोठा नंबर असलेले, जाड काचांच्या चष्म्याचे रुग्ण अडचणीत येतात.

या रुग्णांचा डोळाच लांब असतो. एरवी पुढून मागे २३-२४ मिलिमीटर, इथे २६च्या पुढे. काहींमध्ये डोळ्याची मागची भिंत पिशवीसारखी फुगलेली असते. आत बसवायच्या भिंगाची शक्ती या लांबीवरून ठरते. सोनोग्राफीने मोजताना फुगवट्याचा तळ मोजला गेला, तर लांबी जास्त भरते, भिंग कमी शक्तीचे पडते आणि रुग्णाला प्लसचा नंबर येतो. जुनी गणिती सूत्रेही लांब डोळ्यात याच दिशेने चुकतात. जन्मभर चष्मा काढून, वर्तमानपत्र नाकाशी धरून वाचणाऱ्या माणसाला मग जवळचेही दिसत नाही आणि लांबचेही. प्रकाशकिरणांनी मोजणारी यंत्रे आणि बॅरेटसारखी नवी सूत्रे यांमुळे ही चूक बरीच कमी झाली आहे. तरीही अनेक सर्जन थोडा मायनस मुद्दाम राखतात. ‘ऑपरेशन करूनही नंबर राहिलाच’ ही तक्रार त्यातून येते; आधी नीट सांगितले, तर ती येणार नाही.

एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि दुसऱ्याचा नंबर उणे बारा राहिला, तर चष्म्याने दोन्ही डोळे जुळत नाहीत. डोके दुखते, पायरी चुकते. अशा रुग्णाला दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा रांगेच्या शेवटी उभे करणे चुकीचे आहे.

खरी मर्यादा असते ती पडद्याची. ताणून पातळ झालेला पडदा मध्यभागी झिजला असेल, तर भिंग कितीही अचूक बसवले तरी ६/१२ गाठता येत नाही. पण बोटे मोजण्यापुरते दिसणारी बाई घरात आधाराशिवाय वावरू लागली, तर कागदावरचे ते अपयश तिच्या लेखी अपयश नसते. म्हणून पडद्याची अवस्था ऑपरेशनपूर्वी तपासून केसपेपरवर लिहिली पाहिजे. नाहीतर आकडा बिघडू नये म्हणून असे डोळे टाळले जाण्याची भीती आहे.

पडदा सरकण्याचा धोकाही या डोळ्यांना जास्त, विशेषतः कमी वयाच्या पुरुषांमध्ये. तो थेंब बंद झाल्यावर संपत नाही, पुढे कित्येक वर्षे राहतो. शिबिरातली एक-दोन वेळची फेरतपासणी इथे अपुरी पडते. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे होणे, अचानक काळे ठिपके वाढणे, कडेने पडदा ओढल्यासारखी सावली येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे.