चरबी चढते म्हणजे नक्की काय होतं?

मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीतल्या चुका पोटात घाला. तसा विषयही पोटाचाच आहे!

आमच्या मजल्यावर एका मैत्रिणीला सगळ्या 'जाडी' म्हणायच्या. तीही हसायची. पण मागच्या महिन्यात तिने गुपचूप रात्रीचं जेवण बंद केलं आणि चार दिवसांनी लॅबमध्ये चक्कर येऊन पडली. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

चरबी म्हणजे आळसाचा साठलेला गाळ, असाच आपला समज असतो. माझाही होता. मग मावसबहिणीचं बायोटेकचं पुस्तक चाळलं आणि चाटच पडले.

चरबीची पेशी नुसती साचत नाही, ती घडवावी लागते. आपल्या शरीरात मेसेन्कायमल नावाच्या स्टेम सेल्स असतात. त्यांच्यापासून हाड, कूर्चा किंवा चरबी होऊ शकते. काय व्हायचं ते ठरवतात ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएवर बसून जीन चालू-बंद करणारी प्रोटीन्स. हॉर्मोन्सचा इशारा मिळाला की आधी सी/ईबीपी-बीटा आणि डेल्टा जागे होतात. ते पीपीएआर-गॅमा आणि सी/ईबीपी-अल्फाला उठवतात. मग हे दोघं एकमेकांना जागं ठेवतात, पहिले दोघं थंडावले तरी! इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, ओळखलंत ना? हा तर आपला लॅच! सेटची पल्स गेली तरी आउटपुट 'वन'च. १९९४ साली बॉस्टनमध्ये स्पीगलमन यांच्या लॅबने साध्या फायब्रोब्लास्ट पेशींत पीपीएआर-गॅमा घालून त्यांना चरबीच्या पेशी बनवून दाखवलं.

असा लॅच चार दिवस उपाशी राहून रिसेट होतो का? २००८ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी दाखवलं, की मोठेपणी वजन बरंच उतरलं तरी चरबीच्या पेशींची संख्या तशीच राहते. पेशी फक्त लहान होतात.

बरं, या पेशी नीट घडल्याच नाहीत तर? काही लोकांच्या पीपीएआर-गॅमाच्या जीनमध्येच दोष असतो. त्यांच्या हातापायांवर चरबी धरत नाही. वाटेल, सुटले बिचारे! पण तीच चरबी लिव्हरमध्ये जाऊन बसते आणि डायबेटिस लवकर गाठतो.

व्यायाम करू नका असं मी म्हणत नाही. वजन फार वाढण्याचे धोके खरेच आहेत. पण चरबी हे शरीराने विचारपूर्वक बांधलेलं कोठार आहे, त्यावरून कुणाचा स्वभाव कसा मोजणार? आपल्याकडे 'चरबी चढली' म्हणजे माज आला. हा अर्थ मला त्या पुस्तकात कुठेच सापडला नाही. माज असलाच तर तो चिडवणाऱ्यांच्या जिभेवर असतो, आणि त्यात मीही होते.

असो. मैत्रीण आता रोज मेसला येते. तिच्या ताटाकडे बघून कुणी काही बोललंच, तर त्याने आधी लॅचचं ट्रुथ टेबल न चुकता काढून दाखवायचं, असा आमच्या मजल्याचा नवा नियम आहे!