भूप की देशकार? फोन का अडतो, आणि मी कुठे चुकलो

दर रविवारी रात्री साडेनऊला आमचा कॉलेजचा ग्रुप व्हिडिओ कॉलवर भेटतो. पाच जण पुण्यात, दोघं बंगळुरूला, एक म्युनिकला. खेळ ठरलेला: शास्त्रीय संगीताची कोडी. एकानं क्लिप लावायची, बाकीच्यांनी ओळखायचं. आमच्यातलं कुणी गवई नाही. बहुतेकांचं शिक्षण घरच्या रेडिओवर आणि यूट्यूबवर झालंय.

महिन्याभरापूर्वी क्विझमास्टर मी होतो. मामाच्या जुन्या कॅसेटवरची एक घरगुती मैफल माझ्याकडे होती. कॅसेटवर ना नाव, ना रागाचा उल्लेख. मी ट्यूनर ॲप लावून स्वर काढले: सा, रे, ग, प, ध, सगळे शुद्ध. ते एका एआय चॅटबॉटला विचारले. दोन सेकंदांत उत्तर आलं, ‘राग भूप’, सोबत एक छान परिच्छेद. झाली माझी उत्तरपत्रिका तयार!

क्लिप वाजली. सगळ्यांनी ‘भूप’ लिहिलं. फक्त एका मैत्रिणीनं ‘देशकार’ लिहिलं. मी तिला शून्य दिलं. ती म्हणाली, “अरे, धैवतावर किती थांबतोय बघ ना!” मी म्हटलं, “उत्तर भूपच आहे, चेक केलंय.” बाकीच्यांनीही तिची थोडी खेचली. ती “बरं” म्हणाली आणि गप्प बसली. पुढच्या रविवारी ती आलीच नाही.

मग मी मामाला फोन केला. तो म्हणाला, “ती तर सकाळची बैठक होती रे. देशकारच तो!”

आता मी सॉफ्टवेअरवाला माणूस. चूक सापडली की ती कुठून आली हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. ते शोधताना लक्षात आलं की आपला फोन संगीत कसं ‘ऐकतो’ हे आपल्याला नीट माहीतच नसतं.

फोन रेकॉर्डिंग ओळखतो, राग नाही

शझामपासून सुरुवात करू. ही सेवा २००२ साली ब्रिटनमध्ये सुरू झाली तेव्हा ॲप वगैरे नव्हतं. २५८० नंबर फिरवायचा, फोन स्पीकरसमोर धरायचा, गाण्याचं नाव एसएमएसनं यायचं. त्यामागची पद्धत एव्हरी वँग यांनी २००३ च्या शोधनिबंधात मांडली.

पद्धत समजायला सोपी आहे. आवाजाचा आलेख काढायचा: कोणत्या क्षणी कोणती कंपनसंख्या किती जोरात आहे. त्यातले फक्त सर्वांत ठळक ठिपके ठेवायचे, बाकी सगळं पुसायचं. रात्रीच्या आकाशात फक्त मोठे तारे उरावेत तसं. मग या ठिपक्यांच्या जोड्या लावायच्या: पहिल्याची कंपनसंख्या, दुसऱ्याची कंपनसंख्या आणि दोघांमधलं अंतर. झाला त्या आवाजाचा ठसा. डेटाबेसमध्ये तसाच ठसा सापडला की नाव हजर.

म्हणूनच किशोरी आमोणकरांचं ‘सहेला रे’ प्रकाशित रेकॉर्डिंगवरून वाजवलं तर ॲप ते ओळखू शकतं. पण त्याच किशोरीताईंनी दुसऱ्या मैफलीत गायलेला भूप? ठिपके वेगळे, ठसा वेगळा, उत्तर नाही. अंगठ्याच्या ठशावरून माणूस सापडतो, त्याचा स्वभाव नाही सापडत. तसंच आहे हे.

गुगलनं ऑक्टोबर २०२० मध्ये ‘गुणगुणून शोधा’ ही सोय आणली. ती आवाजाचा पोत बाजूला ठेवून फक्त चालीचा चढउतार पकडते. सिनेमाच्या गाण्याला ते चालतं, कारण त्याची चाल ठरलेली असते. रागाला ठरलेली एक चालच नसते. गायक ती दर वेळी नव्यानं बांधतो.

सगळा खेळ ‘सा’चा

बरं, निदान स्वर तरी फोनला कळतात का? कंपनसंख्या कळते, स्वर कळण्यासाठी आधी ‘सा’ कळावा लागतो. आपल्याकडे सा प्रत्येकाचा वेगळा. कुणी काळी १ घेतं, कुणी पांढरी ४.

सा चुकला तर काय होतं? गंमत बघा. भूपाचे पाच स्वर तसेच ठेवा, फक्त त्यातल्या ‘ग’ला सा माना. समोर येतात मालकंसाचे स्वर! ‘प’ला सा माना, दुर्गाचे स्वर. ‘ध’ला सा माना, धानीचे. पेटीच्या पट्ट्या त्याच, फक्त घर बदललं. आणि ते घर कुठे आहे हे सतत सांगत राहतो तो मागचा तानपुरा.

यावर गंभीर संशोधन झालंय. बार्सिलोनाच्या पाँपेउ फाब्रा विद्यापीठानं २०११ पासून ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प चालवला, त्यात आयआयटी मुंबई आणि आयआयटी मद्रासचे संशोधकही होते. राग ओळखण्याच्या प्रयोगासाठी त्यांनी ३० हिंदुस्थानी रागांची प्रत्येकी १० रेकॉर्डिंग्ज वापरली. निकाल चांगले आले. म्हणजे मशीनला राग कळूच शकत नाही, असं अजिबात नाही. पण तिथे पूर्ण रेकॉर्डिंग होतं आणि निवड ३० रागांतूनच करायची होती. आपल्या क्विझमध्ये असते वीस सेकंदांची क्लिप, मागे मिक्सरचा आवाज, आणि राग कुठलाही.

यादी तीच, वजन वेगळं

आता माझी चूक. भूप आणि देशकार, दोघांचे स्वर एकच. पण भूपाचा वादी गंधार, संवादी धैवत. तो सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देशकाराचा वादी धैवत, संवादी गंधार. त्याचा जीव वरच्या अर्ध्यात आणि वेळ सकाळची. म्हणजे फरक कोणते स्वर यात नाहीच. कुठे थांबायचं, कुठून वळायचं, कशावर भर द्यायचा, यात आहे.

मारवा, पूरिया, सोहनी यांचंही तेच. तिघांत कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. ऐकताना मात्र तीन वेगळी माणसं.

मी चॅटबॉटला काय दिलं? पाच स्वरांची यादी. थांबणं, वजन, क्रम, सगळं मीच गाळून टाकलं. चॅटबॉटनं क्लिप ऐकलीच नव्हती. त्यानं त्या पाच अक्षरांना शोभेल असा मजकूर तयार केला. नवशिक्यांच्या पुस्तकांपासून व्हिडिओंपर्यंत या पाच स्वरांसोबत भूपाचंच नाव जास्त येतं. त्यामुळे ‘भूप’ हे त्याच्यासाठी साहजिक उत्तर होतं. पण त्यानं ‘कदाचित’ म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आणि जिनं खरोखर ऐकलं होतं, तिला मी शून्य दिलं.

कॉलवर तानपुरा जातो कुठे?

दुसरी एक गोष्ट नंतर लक्षात आली. कॉलिंग ॲप्स पंखा, एसी असे एकसारखे चालणारे आवाज ओळखून कापतात. तानपुरा काय करतो? एकसारखा चालतो! त्यामुळे माइकसमोर स्पीकर धरून क्लिप लावली की बऱ्याचदा तानपुराच ‘गोंगाट’ म्हणून गळतो. म्हणजे ऐकणाऱ्याकडून आपण ‘सा’च काढून घेतो आणि वर विचारतो, राग ओळखा!

उपाय सोपे आहेत. स्क्रीन शेअर करताना त्यासोबतचा ऑडिओही शेअर करा. झूमवर ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ हा पर्याय चालू करा. सगळ्यात सोपं म्हणजे ऑडिओ फाइलच ग्रुपवर टाका आणि हेडफोन लावून ऐकायला सांगा.

मग कोडी कशी घालायची?

‘कुमार गंधर्वांचं मूळ नाव काय?’ हा प्रश्न आता मेला. ‘शिवपुत्र कोमकली’ हे उत्तर शोधायला पाच सेकंद लागतात. दोन गोष्टी जोडायला लावणारा प्रश्न घाला. उदाहरणार्थ: जिचं गाव धरणाच्या पाण्यात गेलंय आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काही दिवस वर येतं, अशी गायिका कोण? गोव्यातलं कुर्डी, साळावली धरण, आणि मोगूबाई कुर्डीकर. गाव तिच्या आडनावातच आहे! हेही कुणी चॅटबॉटला विचारेल, पण स्वतःचं स्वतःला सुचलं की जो आनंद होतो तो कॉपी-पेस्टमध्ये नाही.

राग ओळखायला द्याल तर ‘कोणता राग’ एवढंच विचारू नका. ‘कशावरून?’ हेही विचारा, आणि अर्धे मार्क त्याला ठेवा. आमच्याकडे आता हाच नियम आहे. उत्तरपत्रिका बनवणाऱ्यालाही तो लागू आहे. ‘चॅटबॉटनं सांगितलं’ हे कारण धरलं जात नाही.

मैत्रिणीला मी फोन केला, मामा काय म्हणाला ते सांगितलं, सॉरी म्हटलं. ती हसली. म्हणाली, “आजी रोज सकाळी रेडिओ लावायची. मला वादी-संवादी काही माहीत नव्हतं रे. फक्त ते सकाळचं वाटलं.”

मागच्या रविवारी ती आली. क्विझमास्टर तीच होती. तिनं पहिलीच क्लिप मारव्याची लावली आणि मला विचारलं, “पूरिया का नाही, ते सांग.”

मला अर्धेच मार्क मिळाले.