निळा त्रिकोण आणि फवारणी करणारा मजूर

कपाशीवरील पांढरी माशी, तुडतुडे, मावा व फुलकिडे यांच्या बंदोबस्तासाठी डायफेंथियुरॉन हे औषध आता बहुतेक कास्तकारांच्या परिचयाचे झाले आहे. बेंझिनची दोन वलये आणि थायोयुरियातील गंधक यांच्या संयोगाने बनलेले हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ते पाण्यात मिसळणाऱ्या 50 टक्के भुकटीच्या रूपात मिळते. त्याच्या पाकिटावर निळा त्रिकोण असतो. लाल आणि पिवळ्या त्रिकोणांची धास्ती बाळगणारा शेतकरी निळा रंग पाहून निर्धास्त होतो, आणि खरा घोटाळा येथेच होतो.

हा रंग कशावरून ठरतो, हे फार थोड्यांस ठाऊक असते. औषध पोटात गेल्यास किंवा कातडीस लागल्यास कितपत घातक ठरते, हे प्राण्यांवरील प्रयोगांनी पाहून त्रिकोणाचा रंग ठरविण्यात येतो. डायफेंथियुरॉन पोटात गेल्यास मध्यम विषारी ठरते, हे खरेच आहे. परंतु श्वासावाटे आत गेल्यास ते याहून पुष्कळच अधिक विषारी आहे, आणि ही गोष्ट त्रिकोणाच्या रंगात उतरत नाही. फवारणी करणारा मजूर औषध खात नाही. तो ते दिवसभर हुंगत असतो. तेव्हा निळ्या रंगाचा अर्थ 'कमी धोका' असा करणे सर्वस्वी चुकीचे होय. श्वासाच्या धोक्यासाठी पाकिटावर निराळी व ठळक खूण असावयास हवी.

या औषधाच्या क्रियेची रीतही ध्यानात घेण्यासारखी आहे. सूर्यप्रकाशात आणि किडीच्या शरीरात त्यातील गंधक निघून जाते व कार्बोडायइमाइड नावाचे द्रव्य तयार होते. पेशींत शक्ती निर्माण करण्याचे जे कार्य चालते, ते या द्रव्यामुळे बंद पडते. कीड प्रथम लुळी पडते व खाणे सोडते. मरावयास मात्र तिला तीन-चार दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी शेतात गेलेल्या कास्तकारास माशी पानावर तशीच बसलेली दिसते. औषध लागू पडले नाही असे समजून तो लगेच दुसरी फवारणी काढतो, नाही तर पुढच्या पंपात दोन-तीन औषधे एकत्र करतो. या उतावळेपणात पैसा तर जातोच, पण मजुराच्या अंगावरचा विषाचा भारही दुप्पट होतो. बोंडअळीसाठी हे औषध नाही, हेही येथेच सांगितलेले बरे.

यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या पावसाळ्यात काय घडले, ते विदर्भ विसरलेला नाही. कपाशी डोक्याच्या वर गेली होती, हवा दमट होती, आणि बॅटरीवर चालणाऱ्या पंपांचा बारीक तुषार झाडांच्या दाटीत कोंडून राहत होता. शेकडो लोक दवाखान्यात दाखल झाले. वीसच्या आसपास माणसे दगावली. अनेकांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या वर्षाच्या अखेरीस शासनाने यवतमाळसह पश्चिम विदर्भातील जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी घातली. डायफेंथियुरॉन त्यांपैकी एक होते. त्या वेळी सारा दोष मजुरांच्या निष्काळजीपणावर ढकलण्याकडे पुष्कळांचा कल होता. परंतु रोजंदारीवर आलेल्या मनुष्याने मुखपट्टी, हातमोजे व चष्मा स्वतःच्या मजुरीतून विकत आणावा, ही अपेक्षाच मुळी गैर आहे. संरक्षक साधने पुरविणे हे फवारणी करवून घेणाऱ्याचे काम आहे, आणि ज्या दुकानातून औषध नेले जाते त्या दुकानदाराचेही ते सांगण्याचे काम आहे. ऑक्टोबरच्या उन्हात रबरी पोशाख घालून कोणी दिवसभर राबू शकत नाही, हेही मान्य करावयास हवे. तेव्हा उपाय काढावयाचा तो वेळेत. सकाळी दोन-तीन तासच फवारणी करावी, वाऱ्याच्या दिशेने चालावे, आणि पीक छातीच्या वर गेले असेल तर त्यात शिरूच नये.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. हेक्टरी 600 ग्रॅम भुकटी 500 ते 750 लिटर पाण्यात वापरावयाची असते, म्हणजे 15 लिटरच्या पंपास 12 ते 18 ग्रॅम. हे माप टोपणाने किंवा मुठीने होत नाही. लहान तराजू लागतो. सर्वांत अधिक धोका पाकीट फोडताना असतो, कारण कोरडी भुकटी तेव्हाच उडते. ती थोड्या पाण्यात काठीने कालवून मगच पंपात ओतावी. हे द्रव्य मासे व मधमाश्या यांस फार घातक असल्याने पंप ओढ्यावर किंवा विहिरीच्या काठी धुऊ नये.

त्रास जाणवताच मनुष्यास मोकळ्या हवेत आणावे, कपडे काढून अंग साबणाने धुवावे, डोळ्यांवर पंधरा मिनिटे स्वच्छ पाणी धरावे. उलटी करवू नये. या औषधावर ठरावीक उतारा नाही. सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषांवर ॲट्रोपीन चालते. येथे ते नुसत्या अंदाजाने टोचल्यास अपायच व्हावयाचा. डॉक्टरांस नेमके काय फवारले होते हे कळले पाहिजे, आणि रिकामे पाकीट बहुधा बांधावरच उडून गेलेले असते. फवारणी संपेपर्यंत प्रत्येक पाकीट एका पिशवीत जपून ठेवावे, व ती पिशवी रोग्याबरोबर दवाखान्यात न्यावी.